टी-२०६ संचातली काही कार्डे इतकी दुर्मिळ का झाली?

तुम्ही लिहिले आहे की, पेनसिल्व्हेनियातल्या तुमच्या जुन्या घराच्या माळ्यावर सिगारच्या लाकडी पेटीत बेसबॉल खेळाडूंची अकरा कार्डे मिळाली, ती १९०९ ते १९११ या काळातल्या 'टी-२०६' या तंबाखूच्या पाकिटांतल्या कार्डसंचातली असल्याचे एका जाणकाराने सांगितले, पण त्यांची किंमत प्रत्येकी पन्नास-शंभर डॉलरच्या पुढे जात नाही असेही तोच म्हणाला. मग त्याच संचातले, त्याच काळात छापलेले होनस वॅग्नर यांचे कार्ड २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरना कसे विकले गेले, असा तुमचा प्रश्न आहे.

कागदी वस्तूचे वय आणि तिची दुर्मिळता यांचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ सैल असतो. मी जुन्या छापील कागदांची तपासणी आणि जतन हे काम बरीच वर्षे करीत आलो आहे. एखादे कार्ड दुर्मिळ का आहे हे कळायचे असेल तर छापखान्यापासून आजच्या पेटीपर्यंतचा त्याचा सगळा प्रवास डोळ्यांसमोर मांडावा लागतो आणि त्या वाटेवर ते नेमके कुठे अडले हे शोधावे लागते. वॅग्नर यांचे कार्ड संमतीपाशी अडले, काही कार्डे एका अक्षराच्या चुकीपाशी अडली, काही एखाद्या लहानशा तंबाखूच्या ब्रँडच्या मर्यादित खपापाशी. तुमच्या अकरा कार्डांसारखी बहुसंख्य कार्डे मात्र कुठेच अडली नाहीत. ती लाखोंनी निघाली आणि त्यांतली बहुतेक नष्ट होऊनही आज पुरून उरली आहेत.

'टी-२०६' हे नाव ही कार्डे काढणाऱ्या कंपनीने दिलेले नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात राहणारे, विजेचे साहित्य बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारे जेफरसन बर्डिक यांनी १९३९ साली अमेरिकेतल्या छापील कार्डांची पहिली व्यवस्थित सूची प्रसिद्ध केली आणि पुढे ती वाढवत नेली. त्यांच्या पद्धतीत 'टी' म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डे, 'ई' म्हणजे त्याच काळातली मिठाईची, 'एन' म्हणजे एकोणिसाव्या शतकातली. आजही जगभरचे संग्राहक हीच अक्षरे वापरतात. बर्डिक यांनी तीन लाखांहून अधिक छापील कार्डे आणि तत्सम कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला दिले. संधिवाताने आखडलेल्या हातांनी ते स्वतः तिथे बसून ही कार्डे वह्यांमध्ये लावत राहिले, जानेवारी १९६३ मध्ये ते काम संपवले आणि दोनच महिन्यांनी वारले. हे सांगण्याचे कारण केवळ आदराचे नाही. इतर कार्डांना काही सेंट इतकीच किंमत असण्याच्या त्या दिवसांत बर्डिक यांच्या सूचीत वॅग्नर यांच्या कार्डापुढे पन्नास डॉलर असा आकडा होता. लिलावदारांनी अलीकडे मोठी केलेली ही कथा आहे असे पुष्कळांना वाटते. पण हे कार्ड सापडत नाही ही गोष्ट, पैशाचा खेळ सुरू होण्याच्या कितीतरी आधी, हौसेने शोधणाऱ्या माणसांच्या ध्यानात आलेली होती.

कार्डे निघाली ती तंबाखूच्या धंद्यामुळे. सिगारेटच्या मऊ पाकिटाला टणकपणा यावा म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. त्याच तुकड्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा तोच ब्रँड घेते, हे १८८० च्या दशकात कंपन्यांच्या ध्यानात आले. त्या दशकाच्या उत्तरार्धात अशा कार्डांची मोठी लाट येऊन गेली. १८९० साली जेम्स ब्युकॅनन ड्यूक यांनी प्रमुख कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. स्पर्धाच उरली नाही, तेव्हा कार्डांवर खर्च करण्याचे कारणही उरले नाही, आणि पुढची जवळजवळ दोन दशके बेसबॉलची तंबाखू-कार्डे फारशी निघाली नाहीत. तुर्की तंबाखूच्या सिगारेटींची चलती वाढल्यावर कंपनीला गिऱ्हाईक राखण्याची गरज पुन्हा भासली आणि १९०९ साली हा संच सुरू झाला. मे १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ही कंपनी विभागण्याचा निकाल दिला, आणि संचाची छपाईही त्याच वर्षी थांबली. या दोन-अडीच वर्षांच्या अवधीत पाचशेवीसहून अधिक निरनिराळी कार्डे निघाली आणि ती सोळा वेगवेगळ्या ब्रँडांच्या पाठींसह, म्हणजे मागच्या बाजूला त्या त्या ब्रँडची जाहिरात छापून, वाटली गेली. या सोळांचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरेल.

छपाई न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीने केली. लोणावळ्याजवळ मळवलीला रविवर्मा छापखान्यात ज्या शिळाछापाने देवादिकांची रंगीत चित्रे निघत, तेच हे तंत्र. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड किंवा पत्रा, आणि एकावर एक नेमके बसवलेले सहा-आठ रंगांचे थर. एका मोठ्या तावावर अनेक खेळाडू शेजारी शेजारी छापले जात आणि मग ताव कापून साडेतीन सेंटिमीटरांहून किंचित रुंद आणि साडेसहांहून किंचित उंच अशी कार्डे पाडली जात. एकदा मूळ चित्र दगडावर उतरले की त्याच्या हव्या तितक्या प्रतिकृती नव्या दगडांवर घेता येतात. हे तांत्रिक वैशिष्ट्य लक्षात ठेवा, कारण दुर्मिळतेच्या एका लोकप्रिय स्पष्टीकरणाला ते छेद देते.

आता वॅग्नर. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचे हे शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मधली जागा सांभाळणारे खेळाडू, त्या काळी अमेरिकेतल्या दोन प्रमुख बेसबॉल-साखळ्यांपैकी नॅशनल लीगमधले सर्वांत मोठे नाव होते. फलंदाजीच्या सरासरीत ते आठ वेळा लीगमध्ये पहिले आले, आणि १९३६ साली बेसबॉलच्या मानवंदना-दालनात (हॉल ऑफ फेम) जे पहिले पाच खेळाडू निवडले गेले त्यांत बेब रूथ आणि टाय कॉब यांच्या बरोबरीने त्यांचे नाव होते. अशा माणसाचे कार्ड संचात असणे कंपनीला अत्यावश्यक होते, आणि म्हणून ते पहिल्याच मालिकेत, जिच्या पाठीवर 'दीडशे खेळाडू' असा उल्लेख आहे त्या मालिकेत, घेतले गेले. पिट्सबर्गचे क्रीडा-वार्ताहर जॉन ग्रुबर यांच्याकडे वॅग्नर यांची संमती मिळवण्याचे काम कंपनीने दिले होते, आणि ती मिळाल्यास त्यांना दहा डॉलर मिळायचे होते. ऑक्टोबर १९१२ मध्ये 'द स्पोर्टिंग न्यूज' या साप्ताहिकात आलेल्या वृत्तान्तानुसार वॅग्नर यांनी उत्तर धाडले की सिगारेटच्या पाकिटात आपले चित्र असावे अशी आपली इच्छा नाही. आणि आपल्या नकारामुळे ग्रुबर यांचे नुकसान होऊ नये म्हणून पत्रासोबत स्वतःचा दहा डॉलरचा धनादेशही जोडला. मला या कथेतला तो धनादेश नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे. पैशासाठी घासाघीस करणारा माणूस असे वागत नाही.

पण एका खेळाडूने नाही म्हटले म्हणून एवढी बलाढ्य कंपनी थांबली का? या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते उत्तराचा मोठा भाग तिथेच आहे. न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचे छायाचित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापले गेले होते. १९०२ साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तिला दाद नाकारली, त्यावर लोकांत मोठा संताप उसळला, आणि १९०३ साली राज्य विधिमंडळाने कायदा केला की कोणाही जिवंत व्यक्तीचे नाव किंवा चित्र तिच्या लेखी संमतीशिवाय व्यापारासाठी वापरता येणार नाही. तंबाखूची ही कंपनी आणि तिचा छापखाना दोन्ही न्यूयॉर्कचे. वॅग्नर यांचा लेखी नकार हातात असताना छपाई चालू ठेवणे म्हणजे खटल्याला आमंत्रण देणे होते. म्हणून ती थांबली. मात्र तोपर्यंत काही ताव छापून, कापून पाकिटांत गेलेले होते. आज ज्ञात असलेल्या प्रती पन्नास ते साठच्या घरात आहेत, आणि त्यांच्या पाठी पाहिल्या तर त्यांवर स्वीट कॅपोरल किंवा पीडमाँट या दोनच ब्रँडांच्या अगदी सुरुवातीच्या छपाईच्या जाहिराती दिसतात. छपाई लवकर तोडली गेली याचा याहून स्वच्छ पुरावा नाही.

नकारामागचा हेतू काय, यावर मात्र शंभर वर्षे वाद चालू आहे. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत, आणि त्याआधी एका सिगारवर त्यांचे नाव आणि चित्रही येऊन गेले होते, म्हणून काहींच्या मते त्यांना फक्त मोबदला हवा होता. त्यांच्या नातीने मात्र सांगितले होते की आपले कार्ड मिळवण्यासाठी लहान मुलांना तंबाखू विकत घ्यावी लागू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी कार्डांकडूनच उत्तर घेतो. त्याच वर्षांतल्या कॅरॅमल आणि इतर मिठाईच्या संचांमध्ये वॅग्नर ठळकपणे दिसतात. कंपनीच्या १९११ च्या सोनेरी चौकटीच्या सिगारेट-संचात आणि टर्की रेड सिगारेटींच्या मोठ्या चित्रांत ते नाहीत. मिठाईला होकार आणि सिगारेटीला नकार, असा हा नमुना आहे, आणि तो नातीच्या सांगण्याशी जुळतो.

एडी प्लँक यांचे कार्ड हे या संचातले दुसरे मोठे कोडे आहे. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचे हे डावखुरे गोलंदाज, म्हणजे पिचर, एकूण ३२६ सामने जिंकलेले. त्यांच्या कार्डाच्या प्रती वॅग्नरच्या तुलनेत थोड्या अधिक, तरीही अतिशय मोजक्या आहेत. छपाईचा पत्रा फुटला किंवा बिघडला म्हणून छपाई थांबली, असे स्पष्टीकरण तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल, आणि ते मला पटत नाही. वर सांगितल्याप्रमाणे शिळाछापात बिघडलेली प्रतिमा मूळ दगडावरून पुन्हा उतरवणे हे कारागिरांचे रोजचेच काम होते. शिवाय प्लँक 'दीडशे' आणि 'साडेतीनशे' अशा दोन्ही मालिकांच्या पाठींवर सापडतात, म्हणजे ते एकदा छापले गेले आणि नंतर पुन्हाही छापले गेले. पत्रा फुटला असता तर दुसऱ्या वेळी ते आलेच नसते, किंवा नव्या पत्र्यावर भरपूर आले असते. संमतीचा काही तिढा असावा हा तर्क मला अधिक जवळचा वाटतो, पण तो तर्क आहे, वॅग्नर यांच्यासारखा पत्राचा आधार त्याला नाही.

चुकीमुळे दुर्मिळ झालेल्या कार्डांची गोष्ट याहून सरळ आहे. फिलाडेल्फिया फिलीजचे शेरी मॅगी यांच्या आडनावात इंग्रजीत शेवटी दोन 'ई' यायला हवेत, तिथे 'आय-ई' छापले गेले. चूक लवकर लक्षात आली, दुरुस्त झाली, आणि म्हणून चुकीचे आडनाव असलेले कार्ड केवळ पीडमाँटच्या पहिल्या मालिकेच्या पाठीसह मिळते. जो डॉयल यांचे कार्ड त्याहूनही पुढचे. न्यूयॉर्क हे नाव लावणारे त्या वेळी दोन संघ होते, नॅशनल लीगचा जायंट्स आणि अमेरिकन लीगचा हायलँडर्स, आणि दोन्हींकडे एकेक डॉयल होता. जायंट्सचे लॅरी डॉयल अधिक प्रसिद्ध. छापखान्यात कुणीतरी हायलँडर्सच्या जो डॉयल यांच्या नावाखाली 'न्यूयॉर्क नॅशनल' असे छापले आणि ते कळल्यावर 'नॅशनल'चे संक्षिप्त रूप काढून टाकले. ते संक्षिप्त रूप राहून गेलेल्या प्रती आज दहासुद्धा ज्ञात नाहीत. म्हणजे वॅग्नरपेक्षा हे कार्ड कितीतरी पट दुर्मिळ, पण किंमत वॅग्नरच्या जवळपासही नाही. वॅग्नरचे नाव बेसबॉलची आवड नसलेल्यालाही ठाऊक असते, आणि डॉयलच्या कार्डातला फरक पाहायलाही आधी माहिती असावी लागते. किंमत ही दुर्मिळता आणि मागणी या दोहोंतून ठरते, आणि तुमच्या प्रश्नातल्या साडेबहात्तर लाखांमध्ये मागणीचा वाटा फार मोठा आहे.

संघ बदलल्यामुळे निर्माण झालेली दुर्मिळता फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. रे डेमिट आणि बिल ओहारा हे दोघे १९०९ च्या हंगामात न्यूयॉर्कच्या संघांत होते आणि पुढच्या वर्षी सेंट लुईसच्या संघांत गेले. सेंट लुईसचे नाव घातलेली त्यांची सुधारित कार्डे फक्त पोलर बेअर या ब्रँडच्या पाठीसह निघाली. पोलर बेअर ही सिगारेट नव्हती, सुट्या तंबाखूचा पुडा होता. कार्ड थेट तंबाखूत पडून राहत असे, आणि म्हणून या पाठीच्या कार्डांवर तपकिरी डाग जवळजवळ ठरलेले असतात. असा डाग मी नाहीसा करून द्यावा अशी विनंती कधीकधी होते, आणि मी ती नाकारतो, कारण तो डाग त्या कार्डाचा जन्मदाखला आहे.

आता त्या सोळा ब्रँडांकडे येतो. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल यांचा खप प्रचंड होता, म्हणून त्यांच्या पाठींची कार्डे पैशाला पासरी. उलट ड्रम, यूझिट, लेनॉक्स, ब्रॉड लीफ असे ब्रँड थोड्या काळासाठी किंवा थोड्याच भागात चालले. मराठी वाचकाला कुतूहल वाटेल अशी एक पाठ 'हिंदू' नावाच्या सिगारेटीची आहे. ती तपकिरी शाईत मिळते आणि क्वचित लाल शाईत, आणि लाल पाठ तपकिरीपेक्षा पुष्कळ दुर्मिळ समजली जाते. एखादा अगदी सामान्य खेळाडू, ज्याचे कार्ड पीडमाँटच्या पाठीसह शंभर डॉलरला मिळते, तोच ड्रमच्या पाठीसह हजारो डॉलरवर जातो. सगळ्यांत टोकाचे उदाहरण टाय कॉब यांचे. लाल पार्श्वभूमीच्या त्यांच्या व्यक्तिचित्राच्या काही प्रतींच्या पाठीवर त्यांच्याच नावाच्या तंबाखूची जाहिरात आहे, आणि २०१६ पूर्वी अशा सुमारे पंधराच प्रती माहीत होत्या. त्या वर्षी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका कुटुंबाला पणजोबांचे घर आवरताना कागदी पिशवीत अशी सात कार्डे एकदम मिळाली. ती पिशवी आधी कचऱ्यात जाण्याच्या बेतात होती.

हे झाले जन्मतः दुर्मिळ असलेल्यांचे. बाकीच्यांच्या बाबतीत आधी विपुलता होती आणि मग नाश झाला. पाकीट मोठ्यांनी विकत घ्यायचे आणि कार्डे मुलांनी गोळा करायची, असा प्रघात होता. मुले तंबाखूच्या दुकानाबाहेर उभी राहून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांकडे कार्डे मागत. पुढे ती खिशात फिरत, भिंतीवर आपटून जिंकण्याच्या खेळात त्यांचे कोपरे झिजत, आणि जी फार आवडत ती खळ लावून वहीत चिकटवली जात. आपल्याकडे काडेपेट्यांचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटे जमवणाऱ्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. मूल मोठे झाले की पेटी कचऱ्यात गेली. आणि जी उरली होती त्यांतली कितीतरी दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत, घरोघरी रद्दी गोळा करण्याच्या सरकारी मोहिमांत, शाळकरी मुलांनीच हातगाड्यांवर घालून नेली. ज्या कार्डांच्या लाखो प्रती होत्या त्यांना हा नाश सोसला. ज्यांच्या शंभर-दोनशेच होत्या त्यांच्यातली दहा-वीस गेली तरी फरक पडत होता.

नाशाचे स्वरूप वेष्टनावर किती अवलंबून असते, हे क्रॅकर जॅकच्या दोन संचांत फार स्पष्ट दिसते. १९१४ सालची १४४ कार्डे पाक लावलेल्या मक्याच्या लाह्यांच्या खोक्यातच मिळत, त्यामुळे त्यांच्यावर पाकाचे चिकट डाग आहेत. १९१५ साली १७६ कार्डांचा पूर्ण संच टपालाने मागवण्याची सोय कंपनीने केली, आणि त्या वर्षाची कार्डे आजही पुष्कळ स्वच्छ सापडतात. कागद तोच, छपाई जवळजवळ तीच, पण नितळ अवस्थेतले १९१४ चे कार्ड मिळणे फार कठीण. अवस्थेची दुर्मिळता ही संख्येच्या दुर्मिळतेपासून वेगळी धरावी लागते ती यासाठी.

आणखी एक प्रकार आहे, हेतुपुरस्सर टंचाईचा. तो थोडा पुढच्या काळातला आहे, पण तुमच्या प्रश्नाला तो जोडूनच सांगायला हवा. १९३२ साली यू. एस. कॅरॅमलने पूर्ण संच पाठवणाऱ्या मुलाला बक्षीस जाहीर केले आणि बक्षिसे थोडकीच द्यावी लागावीत म्हणून त्या संचातले लिंडस्ट्रॉम यांचे कार्ड जवळजवळ बाहेर सोडलेच नाही. ते अस्तित्वात आहे याचा पत्ताही संग्राहकांना कित्येक दशके लागला नाही. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या गाउडी गम कंपनीने २४० कार्डांच्या संचातला १०६ हा क्रमांक छापलाच नाही. मुले त्या एका क्रमांकासाठी च्युइंगगम घेत राहिली. शेवटी तक्रारीची पत्रे आली, तेव्हा कंपनीने १९३४ साली नॅप लॅजवे यांचे कार्ड त्या क्रमांकाने छापले आणि पत्र लिहिणाऱ्यांनाच टपालाने धाडले. लॅजवे तोवर निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. त्यांच्या पुष्कळशा कार्डांवर पत्राला जोडण्यासाठी लावलेल्या तारेच्या चिमट्याचा पुसट ठसा दिसतो, आणि च्युइंगगमचा डाग दिसत नाही. लहान मुलांना असे झुलवत ठेवणे मला तेव्हाही गैर वाटले असते आणि आजही वाटते. वॅग्नर यांचा नकार आणि गाउडीचा वगळलेला क्रमांक यांतून निघालेली कार्डे लिलावात शेजारी शेजारी मांडली जातात, पण त्यांच्यामागच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुर्मिळता कायमची नसते, हेही तुम्हाला माहीत असावे. २०१२ साली ओहायोतल्या डिफायन्स गावी एका घराच्या माळ्यावर, लाकडी बाहुलीघराखाली, काजळीने माखलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात 'ई-९८' या मिठाई-संचातली सुमारे सातशे कार्डे दोऱ्याने बांधलेल्या गठ्ठ्यांत मिळाली. घरमालक मांसाचे दुकान चालवत असत आणि १९१० च्या सुमारास जाहिरातीसाठी आलेली कार्डे वाटायची राहून गेली असावीत. मुलांच्या हाती न गेल्यामुळे ती करकरीत होती. त्या दिवसापर्यंत या संचातली उत्तम अवस्थेतली कार्डे जवळपास नव्हतीच, आणि एका खोक्याने तो सगळा हिशेब बदलला. वॅग्नरच्या बाबतीत असे खोके निघण्याची शक्यता मला फार कमी वाटते, कारण ते कार्ड गठ्ठ्याने कुठे पोचलेच नव्हते.

किंमत अवस्थेला जोडली गेली की मोह सुटतो. वॅग्नर कार्डाची सर्वांत प्रसिद्ध प्रत, जी एके काळी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी यांच्या सहमालकीची होती, तिला उच्च अवस्थेचे प्रमाणपत्र मिळाले होते. ती विकणाऱ्या लिलावदाराने २०१३ साली न्यायालयात कबूल केले की तिच्या कडा आपण छाटल्या होत्या. टोकदार कोपऱ्यांची हाव कागदाला काय करायला लावते याचे हे उदाहरण मी प्रत्येक नव्या संग्राहकाला सांगतो.

तुमच्या अकरा कार्डांविषयी सांगायचे तर पुढची बाजू सोडून आधी पाठी पाहा. अकरांपैकी एकावरही पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल सोडून दुसरे नाव असेल, विशेषतः ड्रम, यूझिट, लेनॉक्स, ब्रॉड लीफ किंवा लाल शाईतले 'हिंदू', तर त्या जाणकाराने सांगितलेली किंमत त्या कार्डाला लागू नाही आणि ते पुन्हा तपासून घ्यायला हवे. मग चांगल्या भिंगाखाली खालच्या पट्टीतले नाव पाहा. अस्सल कार्डात ही तपकिरी अक्षरे सलग शाईची असतात. नंतरच्या नकलांत ती रंगीत ठिपक्यांत फुटलेली दिसतात. अंधारात अतिनील दिव्याखाली पुठ्ठा निळसर पांढरा चमकला तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा कागद समजा, कारण कागद उजळवणारी रसायने सर्रास वापरात आली ती तेव्हापासून. डाग पुसू नका, मोड दाबून सरळ करू नका, कडा कितीही खडबडीत असल्या तरी त्यांना कात्री लावू नका. सिगारच्या पेटीच्या लाकडातली आम्ले पुठ्ठा पिवळा आणि ठिसूळ करतात, म्हणून कार्डे पॉलिएस्टरच्या स्वतंत्र पाकिटांत काढून ठेवा. पण पेटी फेकू नका, तिच्यावरचा कंपनीचा शिक्का आणि कर भरल्याच्या चिठ्ठीचे उरलेले तुकडे यांची छायाचित्रे घ्या, आणि ती कोणत्या खोलीच्या माळ्यावर, कशाखाली, कोणत्या तारखेला मिळाली हे आजच एका कागदावर लिहून कार्डांबरोबर ठेवा.